हात आधी, आवाज नंतर : फार लाजणाऱ्या मुलांना खेळातून माणसांत आणताना

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली की पहिल्या आठवड्यात रडणारी मुलं सगळ्यांच्या लक्षात राहतात. माझं लक्ष मात्र न रडणाऱ्या एक-दोघांकडे असतं. दप्तर पाठीवरून उतरवत नाहीत, ओली छत्री हातातून सोडत नाहीत, भिंतीला पाठ लावून उभी राहतात आणि सगळं बघतात. घरी गेल्यावर हीच मुलं वर्गातलं गाणं हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवतात, कोणाच्या डब्यात काय होतं तेही सांगतात. आई दुसऱ्या दिवशी दारात थांबून विचारते, "बाई, घरी हिची टकळी थांबत नाही. इथे तोंडातून शब्द का फुटत नाही?"

परळ-लालबाग भागात बालवाडीत शिकवायला लागून मला २२ वर्षं झाली. अशी मुलं दरवर्षी भेटली. सुरुवातीच्या वर्षांत मी त्यांना बोलतं करायच्या मागे लागायचे. आता तसं करत नाही. अशा मुलाचा हात आधी पुढे येतो, आवाज कितीतरी नंतर येतो, हे मला खूप उशिरा कळलं. मोठी माणसं बरोबर उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी "नाव सांग", मग "जा, खेळ". म्हणून इथे लिहिलंय ते सगळं हातांपासून सुरू होतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या आईबाबांनी आणि आजी-आजोबांनी घरच्या घरी करावं असं आहे, आणि त्याला विकतची खेळणी जवळजवळ लागत नाहीत.

आधी आठवडाभर नुसतं बघा

"एकटंच वाढलं म्हणून असं झालं", "आजीने फार लाडावलं", "आई नोकरीला जाते ना" ही कारणं मी इतक्यांदा ऐकली आहेत, आणि ती ऐकताना आईचा चेहरा कसा होतो तेही पाहिलंय. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये लहान बाळांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला. त्यांना शंभरातली साधारण पंधरा मुलं अशी आढळली की जी नव्या माणसाशी, नव्या जागेशी हळूहळू जुळवून घेतात. स्वभावाचा हा कल तान्हेपणापासून दिसतो. तुमच्या घरात आधीच्या पिढीत कोण असं होतं ते आजीला विचारा, बहुतेक वेळा एखादा काका किंवा आत्या निघतेच.

एक छोटी वही घ्या. आठवडाभर रोज चार ओळी लिहा : मूल कुठे होतं, कोण कोण होतं, किती वेळाने सैल झालं, सैल झाल्यावर पहिलं काय केलं. उपदेश नाही, प्रयोग नाही, फक्त नोंद. एका बाबांनी लिहून आणलं होतं, "मावशीकडे : २५ मिनिटं माझ्या मांडीवर. मग मावशीच्या मांजराकडे गेला. मग मावशीला चेंडू दिला. बोलला नाही." मला हवी होती ती सगळी माहिती यात होती. या मुलाला पंचवीस मिनिटं लागतात. तो माणसाकडे थेट जात नाही, मध्ये काहीतरी लागतं. आणि तो आधी देतो, मग बोलतो.

बघण्याला कमी लेखू नका. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली बालवाडीच्या वयातल्या मुलांच्या खेळाचे सहा प्रकार नोंदवले. त्यात दुसऱ्यांचा खेळ बघत उभं राहणं हाही एक प्रकार आहे. दुसऱ्याच्या शेजारी बसून तसंच काहीतरी आपलं आपण करणं हा पुढचा, आणि मिळून खेळणं हा शेवटचा. म्हणजे कठड्याला टेकून बघणारं मूल आपल्या पद्धतीने खेळायला लागलेलं असतं. तुमचं मूल आज कुठे उभं आहे ते वहीवरून ठरवा आणि त्याच्या पुढची एकच पायरी डोळ्यांसमोर ठेवा. बघत उभ्या असलेल्या मुलाकडून मिळून खेळायची अपेक्षा धरली, तर ते पुन्हा आईच्या ओढणीमागे जातं.

रोज दहा मिनिटं, मुलाच्या मागून

मुंबईत ऑफिस सुटून लोकलमधून घरी येईपर्यंत आठ वाजतात. तरीही दहा मिनिटं निघतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, खोली एकच असेल तर कपाटात. जमिनीवर बसा. खेळ मूल निवडेल.

या दहा मिनिटांत तीन गोष्टी करायच्या नाहीत : प्रश्न विचारायचा नाही, हुकूम द्यायचा नाही, शिकवायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी बहुतेकांना एक मिनिटही जमत नाही. "हा कोणता रंग?" "गाडी अशी नाही, अशी लाव." "किती चाकं आहेत, मोज बघू." प्रश्न आला की उत्तर देणं आलं, आणि जे मूल दिवसभर उत्तरं देण्याच्या धास्तीत असतं त्याला घरीही परीक्षाच होते. त्याऐवजी दिसतंय ते सांगा : "लाल गाडी पुलाखालून चालली." मूल बोललं तर त्याचंच वाक्य परत म्हणा. मूल ठोकळे रचत असेल तर तुम्हीही शेजारी तसेच रचा. अमेरिकेत शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात आईवडील आणि मुलांसाठी जी उपचारपद्धती बसवली, तिची सुरुवात अशाच खेळापासून होते : मूल पुढे, मोठं माणूस मागे.

दोन-तीन आठवड्यांनी दिवसभराच्या बोलण्यातही एक बदल करा. "काय हवं?" असं मोकळं न विचारता "केळं की चिकू?" असं विचारा. विचारल्यावर मनातल्या मनात पाच आकडे मोजा. तिसऱ्या आकड्याला जीभ शिवशिवते, तरी थांबा. आपण सगळे घाईत असतो, म्हणून मुलाच्या वतीने आपणच बोलून टाकतो. वाण्याने विचारलं तरी आई सांगते, वॉचमनकाकांनी विचारलं तरी आजी सांगते. मुलाला बोलायची गरजच उरत नाही.

घरातले खेळ : टाळीपासून आरोळीपर्यंत

आपल्याकडचे जुने खेळ या कामाला इतके चपखल बसतात की ते मागे पडले याचं मला वाईट वाटतं. आपडी-थापडीत तळहातावर तळहात पडतो आणि ठेका सांभाळावा लागतो; मूल बोललं नाही तरी खेळ अडत नाही. चिमणी भुर्र, कावळा भुर्रमध्ये फक्त बोट वर न्यायचं असतं, तेही सगळ्यांबरोबर. म्हैस भुर्र म्हटल्यावर चुकून बोट वर गेलं तर सगळेच हसतात, आणि चुकलं तरी काही बिघडत नाही हे मुलाला बोटांतून कळतं. फार लाजणाऱ्या मुलांना चुकण्याची धास्ती मोठी असते, म्हणून मी हा खेळ मुद्दाम खूप खेळते आणि स्वतः पुष्कळदा चुकते.

पाळी सांभाळायला जमिनीवर समोरासमोर पाय फाकून बसा आणि चेंडू घरंगळवा. आठवडाभर दोघंच. मग बाबा तिसरे. मग शेजारची काकू चौथी. चेंडू कोणाकडे सोडायचा हे मूल ठरवेल. काकूकडे तो सोडताना मूल तिच्या डोळ्यांकडे बघतं, कोणी न सांगता.

भातुकलीवर जरा थांबते. भातुकली म्हणजे मुलाने उद्याची तालीम आजच करून पाहणं. बाहुलीला शाळेत न्या. बाहुली दारातच अडून बसते, तिला आत जायचं नाही. आता काय करायचं ते मुलाला ठरवू द्या. तुम्ही बाहुली व्हा आणि मुलाला बाई होऊ द्या, उलट नको. सत्ता मुलाकडे गेली की पोटातलं बाहेर येतं. अनेक वर्षांपूर्वी एका आईने मला सांगितलं होतं, तिची मुलगी खेळात बाई होते आणि बाहुलीला सारखी म्हणते, "मोठ्याने बोल! ऐकू येत नाही!" ते शब्द माझे होते. त्या मुलीने वर्गात वर्षभर तोंड उघडलं नव्हतं आणि मी रोज हजेरीला तिला तेच म्हणत होते. त्यानंतर माझ्या वर्गात हजेरीला हात वर केला तरी चालतो.

पुढे पुढे भातुकलीत खरे प्रसंग आणा : दुसऱ्या बाहुलीने बादली ओढून घेतली, पाहुणे आले, वाढदिवसाला सगळे गोल उभे राहिले. दर वेळी शेवट गोड करायची गरज नाही. बाहुली घाबरली आणि आईच्या मागे लपली, मग जरा वेळाने बाहेर आली, एवढं झालं तरी पुरे.

आवाजाचा खेळ मात्र घरात होत नाही, भिंतींपलीकडे शेजारी असतात. त्यासाठी दादर किंवा गिरगाव चौपाटीवर सकाळी लवकर जा. आधी मुंगीच्या आवाजात नाव सांगायचं, मग मांजराच्या, मग म्हशीच्या, आणि शेवटी समुद्राला हाक मारायची. लाटांच्या आवाजात कोणी ऐकत नाही, वळून बघत नाही. मी नेलेली एक चार वर्षांची मुलगी तिथे अशी ओरडली की तिची आई रडायला लागली.

पहिला सोबती आपल्या अंगणात

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडीची कल्पना तिथून पुढे आली. लाजऱ्या मुलाला बागेतल्या चाळीस मुलांत नेऊन सोडणाऱ्या पालकांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. आधी एक मूल तुमच्या घरी येऊ दे. आपलं घर, आपली भांडी, आपली आई असली की तुमच्या मुलाचं अर्धं बळ तिथेच वाचतं.

कोणाला बोलवायचं? वर्गातल्या सगळ्यांत बोलक्या, धीट मुलाला नको. पालकांना वाटतं त्याच्या संगतीने आपलं मूलही बोलेल. प्रत्यक्षात ते मूल सगळा खेळ ताब्यात घेतं आणि आपलं मूल पुन्हा बघत उभं राहतं. शांत स्वभावाचं आणि शक्यतो वर्ष-दीड वर्षाने लहान मूल निवडा. फर्मन, राहे आणि हार्टअप या संशोधकांनी १९७९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या एकटं राहणाऱ्या २४ मुलांपैकी काहींना लहान सोबती दिला, काहींना बरोबरीचा आणि काहींना कोणीच नाही. सोबती मिळालेल्या मुलांना त्याच्याबरोबर दहा वेळा खेळू दिलं. सगळ्यांत जास्त फरक लहान सोबती मिळालेल्यांत पडला. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. धाकट्याला चेन लावून देणं, बाटलीचं झाकण उघडून देणं, खेळ कसा खेळायचा ते दाखवणं यात लाजरं मूल पहिल्यांदा मोठं होतं.

वेळ फक्त चाळीस मिनिटं. खेळ रंगात असतानाच थांबवा, म्हणजे पुढच्या वेळची ओढ राहते. मुलाची अगदी लाडकी खेळणी आदल्या रात्री त्याला विचारून कपाटात ठेवा, कारण पहिल्या भेटीतलं भांडण महाग पडतं. दोघांना एकमेकांची गरज लागेल अशा गोष्टी काढा : चादर ताणून तंबू करणं, मोठ्या खोक्याची बस, कणकेचा मोठा गोळा, मोरीत बादली, गाळणी आणि चार भांडी. दहा बाय बाराच्या खोलीत हे सगळं होतं, मी केलंय. हार-जीत असलेले खेळ मात्र आत्ता नकोत.

पहिली दहा मिनिटं तुम्ही तिसरे खेळाडू व्हा. तंबूचं एक टोक धरा. मग हात काढून घ्या, पण बसून राहा. मग भाजी निवडायला ताट घेऊन जरा लांब बसा. मूल तुमच्याकडे बघत असेल तर बघू दे; तुम्ही हलला नाहीत याची ते खात्री करून घेतंय. शेवटी दोघांनी मिळून काहीतरी खायला करायचं. कुरमुरे, शेव, चिरलेला टोमॅटो देऊन भेळ कालवायला बसवा. घास भरवताना जे बोलणं होतं ते मी आतून, दाराआडून ऐकलंय. निघताना "टाटा म्हण" असं म्हणू नका. मुलाच्या हातात एक लाडू द्या, तो त्याने पाहुण्याला द्यायचा.

हेच मूल, हीच वेळ, सहा ते आठ आठवडे. मध्येच तिसरं मूल आणू नका. मग त्या मुलाच्या घरी जा, पहिल्या दिवशी आईसकट. मग घराबाहेरच्या गॅलरीत.

जिना, पार्किंग आणि कच्चं लिंबू

मुंबईतल्या मुलांचं खरं मैदान म्हणजे चाळीची गॅलरी, नव्या इमारतीचं पार्किंग, लिफ्टसमोरची मोकळी जागा. पावसाळ्याचे चार महिने तर दुसरं काही नसतंच. तिथे रोज तीच आठ-दहा मुलं येतात, आणि सरावाचे चेहरे लाजऱ्या मुलाला लवकर मानवतात. म्हणून शनिवारी लांबच्या मोठ्या बागेत नेण्यापेक्षा रोज संध्याकाळी वीस मिनिटं खाली उतरणं मला जास्त मोलाचं वाटतं. बाकीची मुलं जमायच्या दहा मिनिटं आधी उतरा. भरलेल्या खेळात शिरणं अवघड असतं, रिकाम्या जागेत एकेक मूल येत गेलं तर तितकं जड जात नाही.

मुलाला "मी खेळू का?" असं विचारायला शिकवू नका. या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं पटकन येतं, आणि ते उत्तर महिनाभर पुरतं. ज्या मुलांना खेळात सहज घेतलं जातं ती काय करतात ते मी वर्षानुवर्षं बघितलंय. ती आधी बघतात. मग शेजारी बसून तेच करायला लागतात. मग खेळाला हवी असलेली एखादी वस्तू पुढे करतात किंवा खेळाबद्दल एक वाक्य बोलतात. तुमच्या मुलालाही हीच वाट दाखवा. मुलं खडूने रस्ता काढत असतील तर थोड्या अंतरावर तुम्ही दोघं बसून रस्ता काढा. काढता काढता रस्ता त्यांच्या रस्त्याला जाऊन मिळू दे. खिशात दोन जादा खडू ठेवा. साबणाच्या फुग्यांची डबीही चालते. फुगे उडवणाऱ्याभोवती मुलं आपोआप जमतात आणि त्याला बोलावं लागत नाही.

आणि कच्चं लिंबू! जगातल्या कुठल्या शाळेने काढली नसेल इतकी शहाणी सोय आपल्या गल्लीतल्या मुलांनी काढून ठेवली आहे. कच्चं लिंबू म्हणजे खेळात आहे, पळतंय, लपतंय, पण त्याच्यावर राज्य येत नाही, ते बाद होत नाही. फार लाजणाऱ्या मुलाला सगळ्यांत मोठी भीती राज्याची असते, सगळ्यांच्या नजरा एकट्यावर येण्याची. ती एवढी एक भीती काढून घेतली की ते धावायला लागतं. ही बोलणी तुम्ही सगळ्या मुलांसमोर करू नका. गटातल्या आठ-दहा वर्षांच्या एखाद्या समजूतदार ताईला बाजूला घेऊन सांगा, "बाळा, ह्याला थोडे दिवस कच्चं लिंबू घ्याल का? तुझा हात धरून पळेल." ताई जबाबदारी घेते. आईने केलेल्या शंभर आर्जवांपेक्षा तिचा एक हात पुढे जातो.

त्याबरोबर "टाइम प्लीज" शिकवा. थांबायची मुभा असलेलं मूल जास्त वेळ खेळतं. दमलं, घाबरलं, तर टाइम प्लीज म्हणून किंवा नुसता हात वर करून बाहेर यायचं, पाणी प्यायचं, परत जायचं. बाहेर आलं म्हणून लगेच घरी नेऊ नका. तिथेच शेजारी बसा.

लपंडावात पहिले काही दिवस कोणाबरोबर तरी जोडीने लपू दे. अंधाऱ्या जिन्याखाली दोघं श्वास रोखून बसलेले असताना जी मैत्री होते तिला शब्द लागत नाहीत. आंधळी कोशिंबीर सर्वांत शेवटी. डोळे बांधलेलं मूल एकटं असतं. एक दिवस मूल स्वतःच म्हणेल की मला पण राज्य द्या. हा दिवस तुम्ही ठरवायचा नाही.

दूरच्या जागांबद्दल थोडक्यात. चौपाटीची वाळू मला सर्वांत आवडते, कारण शेजारी शेजारी खड्डे खणणारी दोन मुलं कधीतरी एकच खड्डा खणायला लागतात. राणीच्या बागेत पेंग्विनच्या काचेसमोर मुलं खांद्याला खांदा लावून एकच गोष्ट बघतात, समोरासमोर बघण्यापेक्षा हे खूप सोपं असतं. बुधवारी बाग बंद असते. शनिवार-रविवारच्या गर्दीत नेऊ नका.

बाईंना काय सांगाल

बालवाडीच्या बाईंना सुरुवातीलाच भेटा, पण मुलासमोर नको. वही दाखवा. चार गोष्टी मागा. पहिली, हजेरीला, गाण्याला, प्रश्नाला सध्या हाताने उत्तर चालावं. दुसरी, मुलाला दहा मिनिटं लवकर आणू द्यावं. तिसरी, एक रोजचं काम मिळावं : डबे वाटणं, खडूंची पेटी फिरवणं, रोपांना पाणी. काम हातात असलं की मूल प्रत्येकाजवळ जाऊन येतं. चौथी, वर्गात बसायला तोच एक शांत सोबती असावा.

स्नेहसंमेलनाबद्दल माझं मत ठाम आहे. रडणाऱ्या मुलाला रंगमंचावर उभं करून काही साधत नाही. मी एकदा केलं होतं, एका मुलाला ससा बनवून पुढे ढकललं. टाळ्या वाजल्या. पुढचे दोन महिने तो शाळेच्या दारात उलटी करत होता. आता अशा मुलांना मी पडदा ओढायचं काम देते, आणि ते काम सर्वांना हवं असतं.

घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असेल, किंवा घरी भोजपुरी आणि शाळा मराठी, तर मूल काही महिने गप्प राहून नवी भाषा कानात साठवतं. तिथे शाळेतल्या गप्पपणाचा अर्थ लाजणं असेलच असं नाही. अशा वेळी घरची भाषा बंद करून घरातही इंग्रजी सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. जी भाषा मोकळेपणाने येते ती काढून घेतली तर मूल घरातही गप्प होईल.

पाहुणे, बोरन्हाण आणि खिरापत

"काकांना गाणं म्हणून दाखव." "पापा दे आजोबांना." "अगंबाई, लाजली!" या तीन वाक्यांनी महिन्याभराची मेहनत जाते. मुलासमोर "लाजाळू" हा शब्द कोणालाही वापरू देऊ नका. हसून, पण लगेच सांगा, "ती आधी बघते, मग येते." नमस्कार, टाळी की नुसतं हसणं, हे मुलाला घरून निघतानाच निवडू द्या. पापा देणं-घेणं मुलाच्या मर्जीवर. आजोबा रुसले तर रुसू देत. त्यांच्या हातात लगोरीच्या चपट्या फोडी द्या आणि दहा मिनिटं गप्प बसायला सांगा, नातवंड जवळ येतं.

बोरन्हाण हे हौसेचं, पण अशा मुलासाठी फार कठीण. मधोमध एकट्याला बसवायचं, हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं, कुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि भोवती वीस मुलांनी झडप घालायची. मुलाला आईच्या मांडीवर बसवा, तीन-चारच मुलं बोलवा, आदल्या दिवशी बाहुलीचं बोरन्हाण करा. किंवा त्याला वाटी देऊन दुसऱ्याच्या बोरन्हाणात वेचणारा होऊ द्या.

भोंडला मात्र माझ्या दृष्टीने अशा मुलांचाच सण आहे. फेरात सगळे एकमेकांचा हात धरतात, गाणी सगळ्यांनी मिळून म्हणतात, कोणीच पुढे येऊन उभं राहत नाही. आणि शेवटी खिरापत ओळखायची! आमच्या वर्गात खिरापतीचा डबा मी सर्वांत लाजऱ्या मुलीकडे देते. आत काय आहे ते फक्त तिला माहीत. सगळी मुलं तिच्याभोवती येतात, "गोड की तिखट? शंकरपाळ्या? चिवडा?" तिने फक्त मान हलवायची किंवा डबा वाजवायचा. एका वर्षी डब्यात उकडलेले शेंगदाणे होते आणि कोणालाच ओळखता येईना. खूप वेळाने ती न राहवून हळूच म्हणाली, "वाजत नाहीत ते." जूनपासूनचं तिचं ते वर्गातलं पहिलं वाक्य. मी काहीच बोलले नाही, पुढचा अंदाज विचारला.

तुम्हीही अशा क्षणी टाळ्या वाजवू नका. "बोलली! बोलली!" झालं की सगळ्या नजरा वळतात आणि दार पुन्हा बंद होतं. रात्री अंथरुणात सांगा, "तू छोट्याला डबा उघडून दिलास. त्याला आवडलं." नेमकं काय केलं ते सांगायचं, आणि तेवढंच.

डॉक्टरांकडे कधी

काही गोष्टी खेळावर सोडू नयेत. घरी नीट बोलणारं मूल शाळेत एका महिन्याहून जास्त काळ अजिबात बोलत नसेल, शाळेचा पहिला महिना त्यात न धरता, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. याला निवडक मौन म्हणतात, ते चिंतेच्या विकारांत मोडतं, हट्टीपणात नाही. उपचार आहे आणि लवकर सुरू केलेला बरा. मूल घरच्यांशीही नजर मिळवत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, भातुकलीसारखं खोटं खोटं खेळत नसेल, किंवा आधी येणारे शब्द येईनासे झाले असतील, तर थांबूच नका. बोलणं कमी असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवण तपासणी व्हायला हवी. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत ती होते. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत. कुठे जायचं ते सुचत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

मूल मागे जातं तेव्हा

तापातून उठल्यावर, घर बदलल्यावर, धाकटं भावंड आल्यावर मूल दोन पायऱ्या खाली उतरतं. मे महिन्याची सुट्टी गावी घालवून आलं की जूनमध्ये खाली पार्किंगमध्ये जायलाही नको म्हणतं. वही काढा. मागच्या वर्षी याच पायरीला किती दिवस लागले होते ते बघा. या वेळी बहुधा कमी लागतात. जुन्या सोबत्याला पुन्हा घरी बोलवा, चाळीस मिनिटं, कणीक, चादर, भेळ. एकदोन भेटी झाल्या की खाली जा, बाकीची मुलं जमायच्या दहा मिनिटं आधी. खिशात खडू असू देत.